150 जणींचा सर्व्हे का पुरणार नाही, आणि माहेरी गेलेल्या सुनेला कसं मोजायचं

तुमचा आराखडा मला असा कळला: गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत 18 ते 24 वयाच्या विवाहित मुलींसोबत दीड वर्ष काम, सुरुवातीला 150 आणि शेवटी 150 जणींचा सर्व्हे, आणि गर्भनिरोधक वापरणाऱ्या 20 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर गेल्या हे फंडरला दाखवायचं.

आधी नमुन्याचं बघू. 20 आणि 30 मधला फरक 80 टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि 5 टक्के सार्थकता पातळीवर (फरक नसतानाही तो दिसण्याची शक्यता) पकडायला दोन्ही वेळा साधारण 290 जणी लागतात, तेही प्रत्येकीची निवड स्वतंत्र असेल तर. तुम्ही गल्ल्या निवडून गल्लीमागे 20 जणी घेणार आहात. एका गल्लीतल्या बायका एकाच आरोग्य केंद्रात आणि एकाच मेडिकलवर जातात, एकमेकींचं ऐकून ठरवतात. हे साम्य 0 ते 1 च्या मापावर 0.05 धरलं तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे गल्लीवार निवडीमुळे नमुना जितक्या पट वाढवावा लागतो तो आकडा, 1 + 19 × 0.05, म्हणजे 1.95. आकडा 566 वर जातो आणि 15 टक्के गळती (न सापडणाऱ्या किंवा नकार देणाऱ्या) धरली की सुमारे 670 वर. त्याऐवजी गल्लीमागे 10 जणी घ्या. इफेक्ट 1.45 वर येतो आणि गळतीसकट 495 जणींत भागतं. गल्ल्या मात्र 34 ऐवजी 50 कराव्या लागतील. शेजारची, तुमचं काम नसलेली वस्ती तुलनेला घेतली नाही, तर वाढ तुमच्यामुळे झाली असं म्हणता येणार नाही. आणि ती घेतली की हाच नमुना तिथेही लागेल.

खरी अडचण गळतीची, कारण ती सरसकट होत नाही. पहिलटकरीण सातव्या महिन्याच्या आसपास माहेरी जाते आणि बाळ काही महिन्यांचं झाल्यावर परतते. म्हणजे शेवटच्या सर्व्हेत घरी सापडतात त्या बहुतेक दिवस न गेलेल्या. सुरुवातीच्याच मुलींना पुन्हा गाठणार असाल, तर गोळ्या किंवा निरोध वापरणाऱ्यांचं प्रमाण काहीही न करता फुगेल. दार बंद दिसलं म्हणून शेजारचं घर घेऊ नका. घरांची यादी करतानाच सून कुठे आहे, कधी गेली, गरोदर आहे का, हे लिहा आणि तिला फोनवर गाठायचा प्रयत्न करा. मे महिन्यात सर्व्हे नकोच, अर्धी वस्ती गावी असते. दोन्ही फेऱ्या एकाच हंगामात घ्या, नोव्हेंबर-डिसेंबर ठीक.

आता 30 टक्के कशाचे? छेदात सगळ्या विवाहित मुली धरल्या, तर जिला आत्ता मूल हवंय तीही तुमचं अपयश ठरते. हे चूक आहे, आणि धोक्याचंही. लक्ष्य आकड्याचं झालं की वस्तीतल्या ताईंवर तांबीच्या केसेस आणायचा दबाव येतो. 1996 मध्ये देशाने कुटुंब नियोजनातली लक्ष्यांची पद्धत सोडली ती याच प्रकारांमुळे. छेदात फक्त अशा घ्या ज्या गरोदर नाहीत आणि ज्यांना निदान दोन वर्षं पाळणा लांबवायचाय. मग प्रत्येक वापरणारीला चार गोष्टी विचारा: दुसऱ्या पद्धती सांगितल्या का, त्रास काय होऊ शकतो ते सांगितलं का, झाला तर काय करायचं ते सांगितलं का, आणि पद्धत बदलता येते हे सांगितलं का. चारही उत्तरं ‘हो’ असणाऱ्यांचं प्रमाण मी वापराच्या टक्क्याइतकंच महत्त्वाचं मानेन.

आरोग्य केंद्राच्या रजिस्टरवर विसंबू नका. तिथे ‘अंतरा’ या सरकारी गर्भनिरोधक इंजेक्शनचे डोस मोजलेले असतात, बायका नव्हे. इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. तेव्हा पहिलं घेतलेल्यांतल्या किती जणी दुसऱ्याला आणि चौथ्याला आल्या ते नावानिशी काढा. अनियमित रक्तस्रावाची कल्पना आधी दिली नसेल तर दुसऱ्यालाच गळती दिसेल. ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची असते. ‘घेता का?’ असं न विचारता ‘कधी सुरू केली, आठवड्यात किती वेळा घेता?’ असं विचारा. मेडिकलवरून घेतलेल्या गोळ्या पालिकेच्या नोंदीत येतच नाहीत.

दहा बाय दहाच्या खोलीत, सासू समोर बसलेली असताना मिळालेलं उत्तर फेकून द्यावं लागतं. अंगणवाडी किंवा बालवाडीची खोली दुपारी मागून घ्या, नळाला पाणी यायची वेळ टाळा. प्रश्न हिंदीतही तयार ठेवा. ज्या ताईंनी सत्रं घेतली त्यांनीच सर्व्हे करू नये, त्यांना वाईट वाटू नये म्हणून मुली हवं ते उत्तर देतात.

सर्वांत आधी मात्र एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मंजुरी. कागदावर 18 असलेली मुलगी प्रत्यक्षात 16 ची निघू शकते, आणि पॉक्सोच्या (18 वर्षांखालच्यांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 19 नुसार माहिती कळवणं बंधनकारक आहे. गुप्ततेची ही मर्यादा पहिल्या प्रश्नाआधीच सांगायला हवी. कमिटी आणि वकील यांच्याकडून लेखी पद्धत ठरवून घ्या. सर्व्हे करणाऱ्या मुलीने दारात उभ्या उभ्या निर्णय घ्यायचा नाही. मारहाण समोर आली तर पालिकेच्या रुग्णालयातल्या दिलासा केंद्राचा (हिंसा सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या केंद्राचा) पत्ता सर्व्हे करणारीला तोंडपाठ हवा, हातात पत्रक देऊ नका. फोन बहुधा नवऱ्याचा असतो. कोणत्या वेळी करायचा आणि दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं, हे त्या मुलीलाच विचारून पहिल्या भेटीत लिहून ठेवा.