परजीवी ‘व्यक्त’ होतो म्हणजे?

प्रश्न असा आलाय: मलेरियावरच्या एका लेखात ‘परजीवीच्या कोणत्या जनुकाची अभिव्यक्ती होते, यावर रोग मेंदूत बळावणार का हे ठरतं’ असं वाक्य आहे. जनुकाला कसली आली अभिव्यक्ती, ते काय कविता करतं? त्यापेक्षा ‘आविष्करण’ बरं नाही का?

जनुक कविता करत नाही. जनुकातल्या कृतीवरून प्रत्यक्ष प्रथिन बनणं, याला जीवशास्त्रात अभिव्यक्ती म्हणतात. आपणच या शब्दाला मतं मांडायच्या घाण्याला जुंपलंय. ‘मनोगत व्यक्त करणं’ इथवर ठीक होतं, पण हल्ली दर चार ओळींमागे ‘तुम्हीही व्यक्त व्हा’. काय व्यक्त व्हा? कर्म कुठे गेलं? असो.

भाषणस्वातंत्र्याचे अर्थ कोशात आहेत, ते सोडून देतो. मजा धातूत आहे. ‘अञ्ज्’ म्हणजे माखणं, चोपडणं. त्यावरून अंजन. ‘अभि’ लागला की अभ्यंग, आपलं नरकचतुर्दशीचं. अक्त म्हणजे माखलेलं, जसं रक्ताक्त. वि + अक्त = व्यक्त. वाटेवरच्या दगडावर शेंदूर फासला की त्याचं नाकडोळे असलेलं तोंड अचानक दिसू लागतं ना? माखल्यामुळे दिसू लागलेलं, ते व्यक्त. जेवणातलं आणि मुळाक्षरांतलं, दोन्ही व्यंजनं याच घरची. लॅटिनमधला चोपडण्याचा धातूही याच कुळातला, त्यामुळे मेडिकलच्या दुकानातलं ऑइंटमेंट म्हणजे अभिव्यक्तीचं लांबचं भावंड!

आता परजीवीकडे या. गडचिरोलीकडे ‘पीएफ निघाला’ म्हटल्यावर घरचे धास्तावतात, तो हा प्लास्मोडियम फाल्सिपेरम. तो तांबड्या पेशीत शिरतो आणि आपलं एक प्रथिन तिच्या बाहेरच्या अंगावर आणून बसवतो. पेशीवर बारीक बारीक फुगवटे उठतात आणि ती रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटते. म्हणजे परजीवी पेशीला अक्षरशः लेप लावतो! यासाठी याहून चपखल शब्द कुठून आणणार?

चिकटायचं कशाला, तर पानथरी चुकवायला. (‘प्लीहा’ म्हणणाऱ्यांनी जरा आजीची भाषा आठवावी.) ताठरलेल्या, रोगट पेशी पानथरी गाळून काढते. वाहिनीला धरून बसलं की तिच्याकडे जावंच लागत नाही.

हे लेप सुमारे ६० प्रकारचे. ते बनवणारी तेवढीच ‘व्हार’ नावाची जनुकं परजीवीजवळ असतात, पण एका वेळी जवळपास एकच उघडतं, बाकीची मिटलेली. आपल्या शरीराने एक लेप ओळखला की दुसरा काढणारे परजीवी तरून जातात. कोणता लेप कुठे धरतो हेही ठरलेलं. ‘व्हार-२-सीएसए’चा वारेतल्या एका शर्करेला चिकटतो, म्हणून गरोदरपणातला मलेरिया वेगळाच. ईपीसीआर नावाचा रेणू वाहिन्यांच्या अस्तराला जपतो, रक्त गोठण्याला आवर घालतो. गंभीर आजारी मुलांमधल्या परजीवींचा लेप नेमका त्यालाच धरतो, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. मेंदूतल्या बारीक वाहिन्या अशा तुंबल्या की मूल बेशुद्ध पडतं. परजीवी मेंदूच्या पेशींत घुसत नाही, त्यामुळे ‘मलेरिया डोक्यात चढला’ हेही चूकच.

व्युत्पत्तीवरून परिभाषा ठरत नसते, असं मला वरचेवर ऐकवलं जातं. नसेल ठरत. पण ‘आविष्करण’वाल्यांकडे तरी काय आहे? ‘आविस्’ म्हणजे उघड. झाकण काढलं, संपलं. त्यात माखणं कुठे आहे?

त्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र आहे, तो त्यांना सुचलेला दिसत नाही म्हणून मीच देतो. परजीवीचं चक्र ४८ तासांचं. व्हार जनुकाची आरएनए-नक्कल (जिच्यावरून पुढे प्रथिन बनतं) निघते ती पहिल्या काही तासांत, परजीवी अंगठीसारखा कोवळा असताना. लेप पेशीवर चढतो त्यानंतर. बोटातून काढलेल्या रक्तात या अंगठ्याच सापडतात, कारण जून झालेले आत कुठेतरी चिकटून बसलेले असतात. म्हणजे संशोधक रक्तातून ‘अभिव्यक्ती’ मोजतात तेव्हा बहुधा नक्कल मोजतात, लेप नव्हे. त्या पहिल्या पायरीला ‘आविष्करण’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, लेपाला हात लावू नका.

आणि तुमच्या त्या लेखात मेंदूतल्या मलेरियाला ‘मेंदूज्वर’ म्हटलं असेल तर तेवढं खोडा. तो डासांचाच, पण विषाणूमुळे होणारा दुसरा रोग.