तेविसावी गोळी
वाचकांचे प्रश्न : जुने आर्केड गेम

प्रश्न : ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये वरून जाणारी तबकडी पाडली की कधी ५० गुण मिळतात, कधी ३००. हे नशिबावर असतं का? आणि शेवटी उरलेले दोन-तीन शत्रू एवढे सुसाट का सुटतात? (सांगली)

उत्तर : नशिबाचा काही संबंध नाही. टाइटो कंपनीच्या १९७८ च्या मूळ मशीनमध्ये तबकडीचे गुण तुमच्या गोळ्यांच्या मोजणीवरून ठरतात. शत्रूंची नवी फळी सुरू झाली की सुटलेली प्रत्येक गोळी मोजली जाते, मग ती लागो वा फुकट जावो. तेविसाव्या गोळीने तबकडी पडली तर ३००. पुढे दर पंधराव्या गोळीला पुन्हा ३००. एरवी ५०, १०० किंवा १५० वर समाधान मानायचं.

तेव्हा तोंडाने मोजत खेळा. बावीस झाल्या की बटणावरचं बोट उचला, तबकडी दिसेपर्यंत ढालीआड थांबा आणि वरून येणाऱ्या गोळ्या फक्त चुकवा. तबकडी साधारण २५ सेकंदांनी येते. गोळीला वर पोचायला वेळ लागतो, म्हणून नेम तबकडीवर नाही, तिच्या पुढच्या जागेवर धरायचा. हुकलात तर आणखी १४ गोळ्या इतरत्र मारून पंधरावी राखून ठेवा. फळीत आठपेक्षा कमी शत्रू उरले की तबकडी येणंच बंद होतं. फळी झटपट साफ करणारे खेळाडू गुणांत मागे पडतात ते यामुळेच.

आता वेग. एका रांगेत ११, अशा ५ रांगा, म्हणजे ५५ शत्रू. इंटेल ८०८० प्रोसेसरला सगळे एकदम हलवणं झेपत नसे, म्हणून एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रात, एकच शत्रू सरकतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर पूर्ण फळीला एक पाऊल टाकायला जवळजवळ सेकंद लागतो. दहाच उरले तर तेच पाऊल साडेपाचपट लवकर पडतं. वेग वाढवणारा वेगळा हिशेब कुणी लिहिलेला नाही. मशीनचा हा दुबळेपणा रंगत आणतो हे ओळखून निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी तो तसाच राहू दिला. अगदी शेवटचा एकटा शत्रू उजवीकडे जाताना ३ पिक्सेलची झेप घेतो, डावीकडे जाताना २ ची. त्याला डावीकडे वळल्यावर टिपा.

आधी कडेचे उभे स्तंभ पाडा. फळी अरुंद झाली की तिला कडेपर्यंत जायला जास्त वेळ लागतो, आणि कडेला टेकल्याशिवाय ती खाली उतरत नाही. स्वतःच्या ढालीला मधोमध बारीक चीर पाडून तिच्यातून मारणं हाही जुना आणि चांगला डाव आहे.

जपानी खेळाडूंची ‘नागोया’ पद्धत मात्र जपून वापरा. शत्रू अगदी शेवटच्या पायरीपर्यंत खाली आले की त्यांच्या गोळ्या तुम्हाला लागत नाहीत, कारण गोळी उमटते तीच तुमच्या तोफेच्या पातळीखाली. तिथे बिनधास्त टिपता येतं. पण आणखी एक पायरी उतरले की खेळ खलास, हातात कितीही तोफा शिल्लक असोत.

प्रश्न : ‘गॅलागा’त जोडविमान करायला जातो आणि पकडलेलं विमान परत मिळतच नाही. कुठे चुकतं? (नाशिक)

उत्तर : जोडविमान म्हणजे बॉसने, शत्रूंच्या म्होरक्याने, पकडलेलं विमान सोडवून आपल्या विमानाला जोडणं. बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं : बॉस वर रांगेत बसलेला असतानाच ते त्याला मारतात. तसं केलं की कैदेतलं विमान सुटत नाही, ते शत्रूचं होऊन निघून जातं. त्याला सोडवायचं तर बॉस विमान घेऊन खाली झेपावत असतानाच मारावा लागतो.

क्रम असा ठेवा. पहिल्याच टप्प्यात इतर शत्रू जमतील तेवढे कमी करा, म्हणजे पुढच्या गडबडीत मध्ये कुणी येणार नाही. बॉसला दोन गोळ्या लागतात. पहिलीने तो हिरव्याचा निळा होतो. ती पहिली गोळी पकडलं जाण्याआधीच मारून ठेवा, म्हणजे सुटकेच्या वेळी एकच पुरे. मग तो खाली येऊन किरणांचा झोत सोडेल, त्यात शिरा आणि गोळीबार थांबवा. तुमचं विमान लाल होऊन त्याच्यासोबत वर जाईल. पुढच्या झेपेला नेम फक्त बॉसवर धरा. लाल विमानाला गोळी लागली तर ते गेलंच. आणि हे सगळं शेवटच्या विमानावर करायचं नाही. बदली विमान नसेल तर पकडलं जाणं म्हणजे गेम ओव्हर.

जोडविमान मिळालं की एका वेळी पडद्यावर दोनऐवजी चार गोळ्या राहतात. अंगही दुप्पट रुंद होतं हे विसरू नका. जुन्या सवयीने ज्या फटीतून निसटायला जाल, तिथेच उजवं विमान आपटेल. तरी घाटा नाही, कारण तिसरा टप्पा बोनसचा आहे (मग ७, ११, १५ असे). त्यात आठ-आठच्या पाच टोळ्या, एकूण ४० शत्रू, आणि एकही गोळी झाडत नाही. चाळीसही पाडले तर १०,००० गुण. एकट्या विमानाने हे जमतं, पण टोळ्यांच्या वाटा पाठ असाव्या लागतात.

शत्रूंचा गोळीबार कायमचा बंद करायची क्लृप्तीही याच पत्रात विचारली आहे. ती खरी आहे. पहिल्या टप्प्यात डावीकडच्या टोकाच्या दोन मधमाश्या (मधमाशीसारखे दिसणारे शत्रू) ठेवून बाकी सगळे मारायचे आणि पंधराएक मिनिटं नुसतं चुकवत राहायचं. प्रोग्राममधल्या चुकीमुळे शत्रूच्या गोळ्या हळूहळू अडकून पडतात. त्या दोघी गोळ्या टाकेनाशा झाल्या की त्यांनाही मारा, पुढे कुणीच गोळी झाडत नाही. आमच्या मते तो खेळ मग खेळण्यासारखा उरत नाही.

प्रश्न : नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम माळ्यावर सापडला. कॅसेट लावली की पडदा नुसता राखाडी. पूर्वीसारखी फुंकर मारून उपयोग होत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : फुंकर पूर्वीही काही करत नव्हती. काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना नव्या जागी टेकत, श्रेय फुंकरीला जाई. उलट तोंडाच्या वाफेने तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडतात.

कान साफ करायची काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पट्ट्यांवर लांबीच्या दिशेने फिरवा. काडी काळी यायची थांबेपर्यंत नवीन घेत राहा. डाग हटत नसेल तर पेन्सिलीचा खोडरबर हलक्या हाताने. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघतो. दहा मिनिटं वाळू द्या. ‘हजारो गेम’ छापलेल्या कॅसेटमध्ये दहा-वीसच गेम पुन्हा पुन्हा येतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. ‘गॅलेक्सियन’ त्यात बहुधा सापडतो.

जुना अडॅप्टर हरवला असेल तर घरातला कुठलाही खुपसू नका. किती व्होल्ट, आणि पिनच्या मध्ये धन की ऋण, हे मशीनच्या पाठीवर छापलेलं असतं. उलटं लागलं तर मशीन जळू शकतं.

प्रश्न : त्याच ‘गॅलेक्सियन’मध्ये ८०० गुण कसे मिळवायचे? (फोंडा)

उत्तर : वरचं पिवळं मुख्य विमान दोन लाल साथीदार घेऊन खाली येतं तेव्हा आधी दोन्ही साथीदार, मग ते. हा १९७९ च्या आर्केडचा हिशेब. गोळी एका वेळी एकच असल्याने पहिला साथीदार वरच टिपला नाही तर वेळ पुरत नाही. हुकलेली गोळी पडद्याबाहेर जाईपर्यंत हात बांधलेले असतात.

प्रश्न : जुनं ‘गॅलागा’चं कॅबिनेट विकत घेतलं. फायरचं बटण तीनदा दाबावं तेव्हा एकदा लागतं. बटण बदलू का? (न्यू जर्सी)

उत्तर : आधी पत्त्या पाहा. त्या काळच्या बटणांखाली दोन लवचीक पत्त्यांचा लीफ स्विच असतो आणि टोकाच्या पॉइंटवर मळ बसतो. प्लग काढा, कंट्रोल पॅनेल उघडा. कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाची बोटभर पट्टी अल्कोहोलने ओली करून पॉइंटमध्ये घाला, पत्त्या हलक्या दाबा आणि पट्टी ओढून काढा. तीन-चारदा करा. तरी चुकत असेल तर फट वाढलेली आहे. चपट्या पक्कडीने बाहेरची पत्ती किंचित आत वाकवून फट मिलिमीटरभर ठेवा. फार जवळ आणली तर बटण सोडल्यावरही पॉइंट चिकटून राहतील. मागची पिक्चर ट्यूब (सीआरटी) मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात हजारो व्होल्टचा भार साठून राहू शकतो, ते काम सीआरटीच्या कारागिराचं.