वाचकांचे प्रश्न : रॉकेटचे उड्डाण प्रत्यक्ष पाहताना

प्रश्न : रॉकेटचे उड्डाण प्रत्यक्ष जाऊन पाहावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. पडद्यावर सारे जवळून दिसत असताना काही किलोमीटर दूर उभे राहून वेगळे असे काय मिळते? आणि ऐन वेळी उड्डाण पुढे ढकलले गेले तर?

उत्तर : मिळतो तो मुख्यतः आवाज, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीही जाणे सार्थकी लागते. ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापायला सुमारे ३ सेकंद लागतात. त्यामुळे १० किलोमीटरवर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला ज्वाला दिसते, रॉकेट तळ सोडून बरेच वर चढते, तरी अर्धा मिनिट काहीच ऐकू येत नाही. मग कानांपेक्षा छातीतच अधिक जाणवणारा खर्जातला गडगडाट येऊन पोहोचतो आणि त्यातच जाड कापड टरकावल्यासारखा तडतडाट असतो. ध्वनीहून वेगवान वायुझोतातून उठणाऱ्या दाबाच्या तीव्र लहरींमुळे तो होतो, आणि साध्या ध्वनिवर्धकातून त्याची धार जाणवत नाही. पहिल्या वेळी तरी चित्रीकरणाच्या मागे लागू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

थोड्याच वेळात रॉकेट तिरके होऊ लागते, तेव्हा नवख्यांना बिघाडाची शंका येते. प्रत्यक्षात पृथ्वीजवळच्या कक्षेत टिकण्यासाठी उंचीइतकाच सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटरचा आडवा वेगही लागतो, आणि तो मिळवण्यासाठीच ते कलते.

उड्डाण लांबणीवर पडणे ही नेहमीची गोष्ट आहे. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी ‘अपोलो १२’ पावसाळी ढगांतून वर गेले आणि पहिल्या मिनिटाच्या आतच त्यावर दोनदा वीज कोसळली. रॉकेट आणि त्यामागची तप्त वायूंची लांबलचक शेपटी विजेला वाट करून देते. मोहीम सुदैवाने बचावली, पण त्यानंतर ढगांविषयीचे नियम कडक झाले. म्हणून डोक्यावर पाऊस नसतानाही उड्डाण थांबवले जाऊ शकते. शिवाय आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक गाठायचे असल्यास पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रक्षेपणस्थळ स्थानकाच्या कक्षेच्या प्रतलात येते तो क्षणच साधावा लागतो, आणि तो हुकला की बहुधा किमान एक दिवस थांबावे लागते. तेव्हा परतीचे आरक्षण उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवसाचे करू नका. दोन-तीन दिवस हाताशी ठेवूनच निघा.