डॉट इन नाव नेमकं कोण देतं, आणि साइट करणाऱ्याला ते बुक करू द्यावं का?

दुकानासाठी डॉट इन नाव हवंय, ते सरकार देतं की एखादी कंपनी, आणि साइट करून देणारा मुलगा ‘मीच बुक करतो’ म्हणतोय तर करू देऊ का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. करू देऊ नका. मुलगा कितीही भला असला तरी नाव तुमच्याच खात्यातून, तुमच्याच ईमेलवर बुक करा. का, ते पुढे येईलच.

साइटच्या नावाच्या शेवटी येणाऱ्या, प्रत्येक देशाच्या दोन अक्षरांची मूळ यादी आयाना ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था सांभाळते. आपलं ‘इन’ त्या यादीत ८ मे १९८९ ला चढलं. सुरुवातीची बरीच वर्षं त्याचा कारभार मुंबईतून, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीतून चालायचा. तेव्हा थेट डॉट इन नाव कुणालाही मिळत नसे आणि नियमही कडक होते. १९९२ ते २००४ या काळात सगळ्या देशात मिळून जेमतेम ७,००० नावं नोंदली गेली. २००५ मध्ये नियम सैल केले, नाव सगळ्यांना खुलं झालं, आणि आता ही संख्या लाखांत आहे.

आज ही नोंदवही निक्सीकडे आहे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाकडे. २००३ साली स्थापन झालेली, केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या अखत्यारीतली ही ना-नफा कंपनी. पण निक्सी तुम्हाला थेट नाव देत नाही. तिने मान्यता दिलेले रजिस्ट्रार, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपन्या, देतात, आणि त्यांच्या हाताखाली नावं विकणारे रिसेलर असतात. साइट करणारी बरीच मंडळी अशी रिसेलर असतात किंवा स्वतःच्या एकाच खात्यात सगळ्या गिऱ्हाइकांची नावं ठेवतात. गोची होते ती इथे.

काही कप्पे मात्र सर्वांसाठी खुले नाहीत. सरकारी खात्यांचं गव्ह डॉट इन एनआयसी या सरकारी संस्थेकडे, शिक्षणसंस्थांचं एसी डॉट इन अर्नेट या संस्थेकडे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँक डॉट इन आणलं. ते हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञानाच्या संस्थेमार्फतच मिळतं आणि फक्त बँकांनाच. घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं जरूर सांगून ठेवा, लिंक खरी की खोटी हे ओळखायला उपयोगी पडतं.

आता नोंद कुणाच्या नावावर, याला मी इतकं महत्त्व का देतो ते सांगतो. माझी मावशी सांगलीत कांदा-लसूण मसाला करते. साइट ज्याने केली, त्यानेच नावही बुक केलं होतं. तीन वर्षं सगळं सुरळीत. एका दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरचे मेल यायचे बंद झाले. तिला वाटलं नेट गेलं. मी हू-इजमध्ये, म्हणजे नाव कुणाच्या नावावर नोंदलंय ते दाखवणाऱ्या ऑनलाइन यादीत, नाव टाकून बघितलं. मुदत संपून चाळीस दिवस उलटले होते, आणि संस्थेच्या रकान्यात मावशीच्या धंद्याऐवजी त्या मुलाच्या फर्मचं नाव होतं. रिन्यू करा, रिन्यू करा म्हणून मेल येत होते, पण ते त्याच्या जुन्या, न उघडलेल्या ईमेलवर. पैसे मावशीने दर वर्षी वेळेवर दिले होते, त्याच्या पावत्याही होत्या. पण पावतीवरून रजिस्ट्रारला काही करता येत नाही, तो त्याच्याकडच्या खातेदाराचंच ऐकतो.

मुदत संपल्यावर काही दिवस नाव नेहमीच्या दरात रिन्यू होतं, किती दिवस ते रजिस्ट्रारवर अवलंबून. मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन, म्हणजे नाव सोडवून घेण्याचा काळ. त्यात दंडासकट बरेच जास्त पैसे मोजून नाव सोडवता येतं, पण तेही खातेदारालाच. मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि सहाव्या दिवशी ते नाव जगात कुणीही घेऊ शकतो. आम्ही रिडेम्प्शनमध्ये होतो. मुलाला शोधून काढलं, तो दुसऱ्या नोकरीला लागला होता. त्याच्याकडून नाव सोडवून घेतलं, नाव दुसरीकडे हलू न देणारं लॉक काढायला लावलं आणि नाव हलवायला लागणारा गुप्त ऑथ कोड मागितला. अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांचा तो गिचमिड तुकडा व्हॉट्सअॅपवर आला, तेव्हा मावशीने देवापुढे साखर ठेवली. तो कोड टाकला आणि नाव तिच्या खात्यात आलं.

म्हणून नाव घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी हू-इज उघडून संस्थेचा रकाना आणि मुदतीची तारीख वाचा. बाकीचे तपशील झाकलेले असतील, ते रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये तपासा. केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, मागितली तर खरी कागदपत्रं द्या. पहिल्या वर्षाच्या स्वस्त दराला भुलू नका, रिन्यूचा दर विचारा. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते, मी दुकानदारांना ३ ते ५ वर्षांची घ्यायला सांगतो. साइट करणाऱ्याला नेमसर्व्हर (नाव कुठल्या साइटकडे न्यायचं ते सांगणारी सोय) बदलायला मदत लागली तर समोर बसवून करून घ्या, पासवर्ड देऊ नका. आणि तुमच्या ब्रँडचं नाव दुसऱ्याने वाईट हेतूने आधीच घेतलं असेल, तर निक्सीच्या आयएनडीआरपी या नावांचे तंटे सोडवायच्या धोरणाखाली तक्रार करता येते. लवाद निकाल देतो आणि नाव तुमच्याकडे वळवूही शकतो. तेव्हा ट्रेडमार्कची नोंदणी असेल तर तुमची बाजू भक्कम होते.

जमलं तर डॉट भारतमधलं देवनागरी नावही घेऊन ठेवा. २०१४ पासून ते मिळतं, मराठी आणि कोकणी दोन्ही त्यात आहेत. मावशीने घेतलंय. आतून ते इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक रूपात चालतं, पण गिऱ्हाईक मराठीत टाइप करतं आणि साइट उघडते. मसाल्याच्या पाकिटावर ते इतकं आपलं वाटतं! फक्त देवनागरी ईमेल पत्ता पुष्कळ ऑनलाइन फॉर्म अजून घेत नाहीत, तेव्हा पाकिटावर आणि पाटीवर मराठी नाव छापा आणि जीएसटी, बँक, कुरिअर यांना डॉट इनचाच ईमेल द्या.