भाषा-शंका : इंग्रजीतले तोडके शब्द फ्रेंचमध्ये कसे न्यावेत?

प्रश्न : मी सांगलीतील हळद व बेदाणा निर्यात करणाऱ्या एका पेढीत कागदपत्रांचे काम पाहते. फ्रान्समधील ग्राहकासाठी पाकिटावरचा मजकूर आणि मालाची यादी इंग्रजीतून फ्रेंचमध्ये करून द्यावी लागते. पूर्ण वाक्ये मला जमतात, पण ‘एक्स्प.’, ‘कंट.’, ‘मिन.’, ‘जी. आय.’ असे तोडके शब्द आले की अडते, कारण एकेकाचे दोन-तीन अर्थ निघतात आणि संगणकावरचे भाषांतर दर वेळी निराळेच काही देते. अशा वेळी फ्रेंच शब्द ठरवावा कसा?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : संक्षेपाचे भाषांतर करूच नये. तो आधी इंग्रजीतच उलगडून पूर्ण लिहावा, त्या पूर्ण शब्दाचे फ्रेंच करावे, आणि फ्रेंच वाचकाच्या रोजच्या ओळखीचे आखूड रूप असेल तरच ते वापरावे. संगणक नेमकी पहिली पायरी गाळतो, म्हणून त्याचे उत्तर दर वेळी बदलते.

उलगडायचे कसे, हे आपल्याला मराठीत शिकवावे लागत नाही. ‘ता. तासगाव, जि. सांगली’ यातला ‘ता.’ म्हणजे तालुका आणि ‘ता. ५ मार्च’ यातला ‘ता.’ म्हणजे तारीख, हे आपण शेजारचा शब्द पाहून क्षणात ओळखतो. इंग्रजी कागदावरही डोळा तसाच शेजारी न्यावा. ‘मिन.’च्या आधी आकडा असेल, जसे ‘१० मिन.’, तर ती मिनिटे. आकडा नंतर असेल, जसे ‘कर्क्युमिन मिन. ३ टक्के’, तर ते किमान प्रमाण. सुदैवाने फ्रेंचमध्येही दोन्हींसाठी हीच तीन अक्षरे चालतात.

‘कंट.’चे तसे नाही. मालाच्या एकाच यादीत वरच्या चौकटीत ‘कंट. नं.’ असते आणि पानाच्या तळाशी नुसते ‘कंट.’ असते. वरचा कंटेनर, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘कोंतनर’. खालचा ‘पुढे चालू’ या अर्थाचा, म्हणून तिथे ‘स्वीत’ हा शब्द हवा. हाच ‘कंट.’ बरणीच्या चिठ्ठीवर आला, तर तो आतल्या वस्तूविषयी बोलतो आणि ‘कोंतन्यु’ होतो. त्याच चौकटीतला ‘नं.’ इंग्रजीत एन आणि ओ अशा दोन अक्षरांनी लिहिलेला असल्याने यंत्र कधी कधी त्याला नकार समजून ‘नों’ करून टाकते. फ्रेंच माणूस ‘न्युमेरो’ आखूड करताना ‘एन’ अक्षर लिहून त्याच्या उजव्या खांद्यावर बारीक ‘ओ’ काढतो, तेच चिन्ह आपण वापरावे.

‘एक्स्प.’ बाबत मात्र फार जपावे. फ्रेंच टपालाच्या लिफाफ्यावर ही अक्षरे ‘एक्स्पेदितर’, म्हणजे पाठवणारा, या अर्थाने लिहितात. त्यामुळे पाकिटावर ती तशीच ठेवली, तर तारखेचा अर्थ हरवतो. शिवाय ‘एक्स्पायरी’ असे उलगडूनही काम संपत नाही. युरोपीय संघाच्या २०११ सालच्या ११६९ क्रमांकाच्या नियमात दोन वेगळ्या तारखा आहेत : लवकर नासणाऱ्या पदार्थासाठी ‘आ कोंसोमे ज्युस्को’, म्हणजे अमुक दिवसापर्यंतच खावे, आणि टिकाऊ पदार्थासाठी ‘आ कोंसोमे द प्रेफेराँस आवाँ’, म्हणजे शक्यतो त्याआधी खावे. हळद पूड आणि बेदाणा टिकाऊ मालात मोडतात, म्हणून आपल्याला दुसरे वाक्य लागेल, आणि ते पाकिटावर अक्षरशः पूर्ण लिहावे.

आता ‘जी. आय.’. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे आपल्या कागदावर ही दोन अक्षरे अभिमानाने येणारच, आणि यावीत. फ्रेंचमध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे ‘अँदिकास्यों जेओग्राफिक’. शब्दक्रम उलटा असल्याने अक्षरेही उलटून ‘आय. जी.’ होतात. परंतु इंग्रजीत ‘जी. आय.’ म्हणजे रक्तातील साखर किती वेगाने वाढते तो निर्देशांकही असतो, त्याला फ्रेंचमध्ये ‘अँदीस ग्लिसेमिक’ म्हणतात, आणि त्याचीही आद्याक्षरे ‘आय. जी.’च! बेदाण्यासारख्या गोड पदार्थाच्या पाकिटावर मधुमेही ग्राहक ती अक्षरे कोणत्या अर्थाने वाचेल, याचा विचार करावा. संक्षेप अगदी बरोबर उलटवूनही अर्थ इथे चुकीचा पोहोचतो, म्हणून हे दोन शब्द नेहमी पूर्णच लिहावेत. (बेदाण्याला फ्रेंचमध्ये ‘रेझें सेक’ म्हणावे, नुसते ‘रेझें’ म्हणजे ताजी द्राक्षे.)

काही संक्षेपांची रूपे ठरलेली आहेत, ती पाठच करावीत : मूल्यवर्धित कराचा ‘व्हॅट’ फ्रेंचमध्ये ‘टी. व्ही. ए.’ होतो, संयुक्त राष्ट्रांचा ‘यू. एन.’ तिथे ‘ओ. एन. यू.’ होतो, तर ‘आयएसओ’ सर्व भाषांत तसाच राहतो.

शेजारच्या शब्दानेही उलगडा झाला नाही, तर अंदाज करू नये. मागे एका यादीत मला हळकुंडांच्या ओळीत ‘डी. पी.’ आढळले. बँकेच्या व्यवहारात या अक्षरांचा अर्थ पैसे भरल्यावर कागद ताब्यात देणे असा होतो, आणि त्याच अर्थाने मी ती ओळ फ्रेंचमध्ये लिहूनही टाकली होती. मनाला पटेना, म्हणून शेवटी यादी लिहिणाऱ्या गोदामातल्या माणसाला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “अहो मॅडम, डबल पॉलिश!” मग ती ओळ खोडून, दोनदा पॉलिश केलेली हळद असे फ्रेंचमध्ये पूर्ण शब्दांत लिहिले.