थॅलेसेमियात फेरिटिन उतरत असताना यकृतातील लोह मोजण्यासाठी एमआरआय करावा का?

आपण कराडहून विचारले आहे, की थॅलेसेमिया असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, लोह बाहेर काढणाऱ्या डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या नियमित चालू आहेत आणि वर्षभरात फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणारे रक्तातले प्रथिन) ३४०० वरून २१०० वर आले आहे; मग डॉक्टर यकृतासाठी एमआरआय का सांगत आहेत, जवळच्या केंद्रातला पोटाचा साधा एमआरआय चालेल का, आणि सुईने यकृताचा तुकडा काढून तपासणे जास्त खात्रीचे नाही का. मी मिरजेत रेडिओलॉजिस्ट आहे आणि सांगली-सातारा भागातून येणाऱ्या अशा मुलांचे स्कॅन वाचणे हा माझ्या कामाचा भाग आहे. माझ्या मते स्कॅन करावाच, मात्र तो लोह मोजण्यासाठीच आखलेला असावा आणि रिपोर्टवर नुसता शेरा नव्हे, तर आकडा असावा आणि तो कसा काढला हेही लिहिलेले असावे.

आधी हिशेब पाहू. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. दर तीन आठवड्यांनी एक पिशवी धरली तरी वर्षाला साडेतीन ते चार ग्रॅम होतात, आणि निरोगी प्रौढ माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून लोह असते तेच तीन-चार ग्रॅम. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने शरीराला दिलेली नाही. दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम आपोआप जाते. उरलेले साठते, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा यकृतात. म्हणूनच यकृतातले लोह मोजले, की शरीरातल्या एकूण साठ्याचा अंदाज येतो.

फेरिटिन हा त्या साठ्याचा रक्तात दिसणारा पडसाद आहे आणि तो इतरही कारणांनी बदलतो. ताप, जंतुसंसर्ग, यकृताची सूज, रक्तातून आलेला हिपॅटायटिस सी यांपैकी काहीही असले तर फेरिटिन वाढते. उलट ‘क’ जीवनसत्त्वाची कमतरता असली तर साठा भरपूर असूनही ते कमी दिसू शकते. ३४०० चा आकडा एखाद्या तापानंतर आलेला असेल, तर २१०० पर्यंतची घट लोहाची आहे की ओसरलेल्या सुजेची, हे फेरिटिनवरून सांगता येणार नाही. तरीही ही तपासणी टाकाऊ नाही. ती स्वस्त आहे, दर तीन महिन्यांनी करता येते आणि दिशा दाखवते. पण गोळ्यांचा डोस वाढवायचा की तोच ठेवायचा, हे ठरवताना डॉक्टरांना प्रत्यक्ष साठा किती आहे हे कळायला हवे.

सुईने तुकडा काढण्याबद्दल, म्हणजे बायोप्सीबद्दल, थोडक्यात सांगतो. तो तुकडा यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढा असतो आणि लोह सगळीकडे सारखे पसरलेले नसते, विशेषतः यकृतात व्रण धरले असतील तर. शिवाय रक्तस्रावाचा धोका आहे आणि लहान मुलीला दरवर्षी त्यातून नेणे योग्य नाही. व्रणांचे प्रमाण किंवा दुसरा आजार पाहायचा असेल तर बायोप्सीला आजही स्थान आहे. केवळ लोह मोजण्यासाठी तिची गरज राहिलेली नाही.

आता एमआरआय हे काम कसे करतो ते पाहू. यकृतात साठलेले लोह आजूबाजूचे चुंबकीय क्षेत्र बिघडवते, त्यामुळे तिथून येणारा सिग्नल लवकर विझतो. आम्ही एकाच श्वासरोधात, मिलिसेकंदाच्या अंतराने, एकाच जागेची अनेक चित्रे घेतो. लोह थोडे असेल तर शेवटच्या चित्रातही यकृत करडे दिसते. लोह खूप असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या चित्रातच ते काळेभोर होते आणि पाठीच्या कण्याजवळचे स्नायू मात्र अजून उजळ असतात. हा विझण्याचा वेग म्हणजे आर-टू-स्टार, आणि विझायला लागणाऱ्या वेळाचे माप म्हणजे टी-टू-स्टार. बायोप्सीच्या तुकड्यांशी ताडून बसवलेल्या सूत्राने त्या वेगावरून यकृताच्या दर ग्रॅम कोरड्या वजनामागे किती मिलिग्रॅम लोह आहे, हे काढता येते. फेरिस्कॅन ही आर-टू या सिग्नल विझण्याच्या दुसऱ्या मापावर आधारलेली दुसरी पद्धतही अशीच ताडून घेतलेली आहे.

उदाहरणच घ्या. दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्रावर यकृताचा टी-टू-स्टार २ मिलिसेकंद आला, म्हणजे आर-टू-स्टार सेकंदाला ५००. रूढ सूत्राप्रमाणे लोह होते दर ग्रॅमला जवळजवळ १३ मिलिग्रॅम. मुलीचे वजन २८ किलो असेल, तर शरीरातला एकूण साठा साधारण ३.९ ग्रॅम भरतो. निरोगी यकृतात हे प्रमाण १.८ च्या खाली असते. रक्त घेणाऱ्या रुग्णात ३ ते ७ पर्यंत सहसा चालवून घेतले जाते, ७ च्या वर गुंतागुंत वाढू लागते आणि १५ च्या वर गेले तर हृदयाचा धोका गंभीर मानला जातो. खालचे टोकही महत्त्वाचे आहे: आकडा ३ च्या खाली आला, तर तोच डोस चालू ठेवल्याने मूत्रपिंडाला आणि यकृताला इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर डोस कमी करण्याचा विचार करतात.

पोटाचा साधा एमआरआय या कामाचा नाही, याचे कारण आता लक्षात येईल. त्यात यकृत ‘काळे दिसते’ एवढेच कळते. १० आणि ३० या दोन्हींत ते काळेच दिसते. पहिले चित्र किती लवकर घेतले, यावर सगळे अवलंबून असते. टी-टू-स्टार १ मिलिसेकंद असलेल्या यकृताचे पहिले चित्र अडीच मिलिसेकंदांनी घेतले, तर सिग्नलचा फक्त ८ टक्के भाग शिल्लक असतो आणि यंत्राच्या खरखरीत तो मिसळून जातो. अशा वेळी हिशेब करणाऱ्याने ती खरखर लक्षात घेतली नाही, तर लोह आहे त्यापेक्षा बरेच कमी दाखवले जाते आणि आई-वडील निर्धास्त होतात. म्हणून यकृतासाठी पहिले चित्र एका मिलिसेकंदाच्या आसपास हवे. तीन टेस्लाच्या यंत्रावर तेवढ्याच लोहाचा वेग जवळपास दुप्पट येतो, त्यामुळे जड साठ्यासाठी दीड टेस्लाचे यंत्र बरे.

अपॉइंटमेंट घेतानाच केंद्राला विचारा: यंत्र किती टेस्लाचे आहे, यकृतासाठी मल्टि-एको (एकाच जागेची अनेक चित्रे घेणारा) टी-टू-स्टार करता का, आणि रिपोर्टमध्ये आर-टू-स्टार, वापरलेले सूत्र व मिलिग्रॅममधला आकडा देता का. हिशेबाचे सॉफ्टवेअर नसले, तरी योग्य वेळांची चित्रे घेतली असतील तर सीडीवरून दुसरीकडे हिशेब करून मिळतो. चित्रेच चुकीच्या वेळांची असतील तर काही करता येत नाही. कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनची या तपासणीत गरज नाही, ते देऊ नये. पुढे कधी डेस्फेराल या लोह काढणाऱ्या औषधाचा पंप लागला, तर तो स्कॅनच्या खोलीत नेऊ नका.

दहा वर्षांची मुलगी बहुतेक वेळा भूल न देता हा स्कॅन नीट करून घेते. घरी आठवडाभर तिला आडवे झोपवून श्वास रोखण्याचा सराव करून घ्या, दहा सेकंदांपासून सुरुवात करून पंधरापर्यंत, आणि यंत्राचा ठकठक आवाज मोठा असतो हे आधीच सांगा. ज्या मुलांना हे आधी कळलेले असते, ती हलत नाहीत.

त्याच बैठकीत हृदयाचा टी-टू-स्टारही करून घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. गोळ्यांनी यकृत तुलनेने लवकर मोकळे होते, हृदय फार सावकाश. त्यामुळे यकृताचा चांगला आकडा हृदयाची हमी देत नाही. हृदयात २० मिलिसेकंदांच्या वर ठीक, १० च्या खाली आले तर तातडीने उपचार वाढवावे लागतात. हृदयासाठी डेफेरिप्रोन हे औषध अधिक उपयोगी ठरते, मात्र त्यात पांढऱ्या पेशी अचानक घटण्याचा धोका असल्याने रक्ताची वारंवार तपासणी लागते. तो निर्णय आपल्या रक्तविकारतज्ज्ञांचाच.

पुढच्या वर्षीचा स्कॅन शक्यतो त्याच यंत्रावर आणि त्याच पद्धतीने करा. मिरजेत एकदा, पुण्यात एकदा, असे करावे लागलेच तर जुनी सीडी आणि रिपोर्ट दोन्ही सोबत न्या आणि मिलिग्रॅमच्या आधी आर-टू-स्टारचे आकडे जुळवून पाहायला सांगा, कारण सूत्र बदलले की लोह तेवढेच असूनही मिलिग्रॅमचा आकडा बदलतो.