सासूबाईंचा अल्झायमर आणि स्टेम सेलचे ‘चार डोस’

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या, अल्झायमर आहे. पोटाच्या चरबीतून स्टेम सेल (मूळ पेशी) काढून सलाइनमधून चार डोस देतो, असं एक केंद्र सांगतं. पैसे भरावेत का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : नका भरू. शिरेतून सोडलेल्या पेशी बहुतेक करून फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात, मेंदूपर्यंत फारच थोड्या जातात. शिवाय पार्किन्सन्समध्ये मुख्यतः एकाच जातीच्या पेशी मरतात, म्हणून तिथे रोपणाला दिशा तरी आहे. अल्झायमरमध्ये स्मृतीच्या भागापासून सुरुवात होऊन जाळंच्या जाळं विसकटत जातं. नवी पेशी नेमकी कुणाशी जोडायची?

खरं काम वेगळ्या वाटेनं चाललंय. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी चार जनुकं घालून पुन्हा मूळ अवस्थेत, म्हणजे जिथून कुठल्याही जातीची पेशी घडू शकते तिथे, नेल्या. त्या चारांतलं सी-मिक हे कर्करोगाशी निगडित, आणि मूळ अवस्थेतली एखादी पेशी रोपणात राहून गेली तरी गाठ होऊ शकते. आज या पेशींचा मोठा उपयोग आहे तो रुग्णाचे न्यूरॉन (चेतापेशी) प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवून औषधं तपासायला.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा आजारांत स्टेम सेल मंजूर चाचणीबाहेर देणं गैर आहे. केंद्राकडे ‘सीटीआरआय’ने (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा, तो तिच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे, तेव्हा नैतिक समितीचं (एथिक्स कमिटीचं) मंजुरीचं पत्रही बघा. चाचणी म्हणत उपचाराचे पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.

बी-१२ जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासलंत ना? त्यांतल्या बिघाडानंही विसराळूपणा वाढू शकतो. तपासलं नसेल तर या आठवड्यातच करा.